डब्यात कोन हाय?

दोन हजार वॅट. खोक्यावर एवढ्या मोठ्या आकड्यांत छापलं होतं की मला चष्मा शोधावा लागला नाही. आकड्याखाली एका पोराचा फोटो. तोंड उघडं, केस मागे उडालेले, जणू भर समुद्रातलं वादळ त्याच्या बैठकीच्या खोलीत शिरलंय. खोका उघडला. थर्माकोल निघाला, प्लॅस्टिक निघालं, पुन्हा थर्माकोल निघाला, आणि शेवटी काय निघालं? आमच्या तांदळाच्या डब्याएवढी काळी पेटी, टीव्हीला जोडायचा स्पीकर. तिला नवीन रबराचा उग्र वास. मी बोटाच्या पेराने वाजवून बघितली. लाकूड नाही. भुसा दाबून, चिकटवून केलेली फळी, वर काळा कागद. मला तिथेच शिसारी आली.

पण आणणारा जावई होता. मुलगा असता तर खोक्यासकट बाहेर काढला असता. मला मुलगा नाही, एकच मुलगी, आणि जावई घाटावरचे. विरारला फ्लॅट, मुंबईत कचेरीत नोकरी. माणूस वाईट नाही. फक्त एक खोड. कुठलीही वस्तू आणली की आधी तिचा खोका वाचून दाखवतात, पोथी वाचावी तसा.

माझं सांगतो. मी पाचूबंदरचा. शाळा चौथीपर्यंत. हे वहीत मी लिहितो आणि मुलगी माझ्या 'न'चे 'ण' करून देते. बोललेलं मात्र तसंच ठेव असं मी तिला बजावलंय. आम्ही पानी पितो, पाणी नाही, आणि अजून कुणी तहानेने मेलेलं नाही.

बापाने होड्या बांधल्या, मी बांधल्या. मग फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडाच्या होडीला कुणी विचारेना. तेव्हा मी मांडववाल्यांना स्पीकरच्या पेट्या करून द्यायला लागलो. काम तेच. होडीत बाहेरचं पानी आत येऊ द्यायचं नाही, पेटीत आतली हवा बाहेर जाऊ द्यायची नाही. सांध्यात कापूस ठासायचा, वरून राळ भरायची. झालं की पेटी वाजवायची आणि पेटती उदबत्ती सांध्यावरून फिरवायची. जिथे धूर थरथरला तिथे चूक. पापडीच्या सणापासून अर्नाळ्याच्या हळदीपर्यंत जिथे जिथे माणसांच्या छात्या हलल्या तिथे बहुतेक पेट्या माझ्या होत्या. बढाई मारत नाही. विचारा कुणालाही.

माझ्या हातची शेवटची होडी मोडायला काढली तेव्हा तिच्या सागाच्या फळ्या मी मागून आणल्या. त्यांची एक पेटी केली, अठरा इंची स्पीकरची. एकही खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. ती विकली नाही. पुढच्या खोलीत भिंतीला लावून ठेवली, वर टीव्ही. कंबरेएवढी उंच, दोन माणसांनी उचलायची.

आणि भांडण त्या पेटीचंच होतं. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आम्ही झोपायचो माळ्यावर. डॉक्टर म्हणाले, शिडी विसरा, जमिनीवर झोपणं विसरा, खाट पाहिजे. खालच्या खोलीत खाट मावेल अशी जागा एकच, जिथे पेटी आहे ती. मी म्हटलं, स्वयंपाकघरात लावा. तिथे लावली तर मागचं दार उघडत नाही. म्हणून दवाखान्यातून बायको घरी आलीच नाही, मुलीकडे विरारला गेली. दोन आठवडे झाले. मी इथे, ती तिथे, मध्ये पेटी.

त्या रविवारी दुपारी मुलगी आणि जावई तिला रिक्षाने घेऊन आले, दिवसापुरती, आणि हा खोकाही त्याच रिक्षातून आला. बायको प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाय लांब करून बसली आणि तिने खोलीभर नजर फिरवली, पाहुणी बघते तशी. ते मला लागलं.

"मामा, स्पेसिफिकेशन बघा ना," जावई म्हणाले. "टू थाउजंड वॅट. खाली ट्वेंटी हर्ट्झपर्यंत जातो. तुमच्या पेटीचा बेस यातच मिळेल. हा टीव्हीखाली सरकवायचा. पेटी काढली की मामींची खाट आरामात बसते."

"जावईबापू, तुमी जेवून घ्या," मी म्हणालो. आमच्या घरात याचा अर्थ गप्प बसा असा होतो. ते घाटावरचे, त्यांना कळलं नाही. म्हणाले, जेवूनच आलोय.

मग मी तो काळा डबा पाठमोरा केला. इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. मागे जिथे वायर जाते तिथे नखाएवढी चिठ्ठी चिकटवली होती.

"हे किती?"

"नव्वद."

"कशाचे?"

"भिंतीतून तेवढी वीज घेतो, मामा."

"नव्वद घेतो आनि दोन हजार देतो? मग ह्याचीच तार उलटी भिंतीत घाला. सगळ्या पाचूबंदरला पुरेल."

मुलगी तोंडावर ओढणी धरून हसली. जावयांचे कान लाल झाले. म्हणाले, तो आकडा पीकचा असतो, एका क्षणापुरता. मी विचारलं, क्षण केवढा? ते त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, एका झटक्याला जास्त जोर लागतो हे मला कळतं, वाळूतून होडी ढकलताना आम्ही पण एक झटका देतो, पण त्या झटक्यावर कुणी सांगत नाही की मी रोज एकटा होडी ढकलतो. मग त्यांनी आतलं बारीक अक्षरांचं पुस्तक काढलं, चार पानं उलटली आणि बारीक आवाजात म्हणाले, आरएमएस साठ.

"आरएमएस म्हंजे?"

"म्हणजे सतत देऊ शकतो तेवढे. खरा आकडा तोच."

खरा आकडा आत, तोही मुंगीएवढा, आणि खोटा बाहेर पोराच्या डोक्यावर. मी म्हटलं, हे म्हणजे बर्फ, पानी, टोपली आणि विकणारीचा हात सगळं तोलायचं आणि म्हणायचं, घ्या, एवढी मासळी.

"माज्या हाताचं नाव काढायचं नाय," खुर्चीतून बायको म्हणाली. तिने तीस वर्षं मासळी विकली आहे.

तिथे मी थांबायला पाहिजे होतं, पण मला चढला होता ताव. विचारलं, वीस हर्ट्झ म्हणजे काय? ते म्हणाले, स्पीकर एका सेकंदात वीस वेळा पुढेमागे होतो. आकडा जितका कमी तितका आवाज खालचा, कानाला कमी आणि अंगाला जास्त लागणारा. हे मला माहीत होतं, फक्त आकड्याने नव्हे, छातीने.

"बरं, वीस तर वीस. पन किती जोरात? चाळीसला जेवढा तेवढाच वीसला, की वीसला नुसती कुजबुज?"

त्यांनी पुन्हा पुस्तक बघितलं. "ते दिलं नाहीये. चांगल्या कंपन्या पुढे प्लस-मायनस तीन डीबी असं लिहितात. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज तेवढाच वरखाली होईल. इथे नुसतंच ट्वेंटी लिहिलंय."

"असं नुसतं तर मी पन लिहीन! मी या वयात किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत पोहत जातो. किती दिवसांत, ते विचारायचं नाय."

सगळे हसले. जावईसुद्धा. आणि त्या हसण्यात मला जोर आला आणि मी बोलून गेलो: "ह्या डब्यानं माज्या पेटीएवढा खालचा आवाज काढून दाखवावा. पेटी मी माज्या हातानं मोडीन."

बायको खुर्चीत सरळ झाली. "ऐकलं ना सगळ्यांनी?"

माळ्यावरून माझा जुना अ‍ॅम्प्लिफायर जावयांनी उतरवला आणि पेटीला जोडला. त्यांच्या फोनमध्ये एक सोय होती, सांगाल त्या आकड्याचा एकच सूर लांब वाजत राहतो. मी दोन स्टीलच्या ताटल्यांत मूठ मूठ तांदूळ टाकले, एक ताटली पेटीवर, एक डब्यावर. कान खोटं बोलतात, तांदूळ बोलत नाहीत. आधी उदबत्ती लावून डब्याच्या सांध्यांवरून फिरवली. धूर सरळ वर गेला. एकाही कोपऱ्यात हलला नाही. भुशाची फळी, आणि सांधा माझ्यासारखा. मला ते आवडलं नाही.

पन्नासला दोन्ही ताटल्यांत तांदूळ नाचले. चाळीसलाही नाचले. पस्तीसला माझे तांदूळ जरा दमले. तीसला माझ्या पेटीवरचे तांदूळ लग्नात रुसलेल्या पाहुण्यासारखे बसून राहिले, आणि त्या डब्यावरचे मधोमध गोळा होऊन थडथडत होते. मी ताटल्यांची अदलाबदल केली. तरी तेच. मग म्हटलं, वीस लावा. वीसला डब्यातून पाल भिंतीवर पळावी तशी फडफड आली, आवाज काही नाही, तांदूळ दोन-चार इकडेतिकडे. म्हणजे वीस हे थापच होतं. पण तीस थाप नव्हतं. तीस माझ्या डोळ्यांसमोर ताटलीत नाचत होतं.

मला वाटलं, यात काहीतरी लबाडी आहे. डबा आता उलटा केला. खाली चार रबरी पाय आणि त्या पायांच्या मध्ये, सहज दिसणार नाही असा, दुसरा एक गोल स्पीकर. समोर एक, खाली एक. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला.

"मामा, वॉरंटी जाईल!"

"जाऊ दे."

खालचा स्पीकर काढला आणि मी ओरडलोच. मागे लोहचुंबक नाही. वायर नाही. नुसती रबराच्या कडेची गोल थाळी आणि मधोमध चिकटवलेला लोखंडाचा गोळा. मेलेला माणूस खुर्चीवर बसवून हजेरी लावावी, तसला प्रकार. मला इतका वीट आला की ती वस्तू हातात धरवेना.

"बघा! बघा तुमचं स्पेसिफिकेशन! दोन स्पीकर म्हनून विकतात आनि एकाला वायरच नाय!"

"मामा, तसं नाही. यात दोन कोन आहेत. हा पॅसिव्ह कोन आहे."

"कोन?" बायको दचकली. "डब्यात कोन हाय?"

"आई, कोन. कोण नाही, कोन," मुलगी म्हणाली आणि हसता हसता खाली बसली.

"तेच तर इचारते, कोन?"

जावयांना सासूलाही समजावायचं होतं आणि मला पण. माझ्या धंद्यात पुढेमागे हलणाऱ्या त्या गोल थाळीला आम्ही स्पीकरचा कागद म्हणतो. ते त्याला कोन म्हणत होते, आणि आमच्या घरात कोन म्हणजे कोण. या गोंधळात मी माझं काम केलं. प्लायचा तुकडा घेतला, तो वायर नसलेला कोन जागेवर बसवला आणि वरून प्लाय स्क्रूने गच्च आवळला, त्याला जराही हलता येणार नाही असा. म्हटलं, सोंग बंद केलं. आता वाजवा, कणभर फरक पडला तर सांगा.

तीस लावलं. काही नाही. तांदूळ निपचित. पुढच्या कोनाची धापा टाकल्यासारखी खसखस, बस. जावयांनी गाणं लावलं तर ढोल वाजतोय की रिकामा पत्र्याचा डबा, कळेना.

मी प्लाय काढला. पुन्हा तीस लावलं. तांदूळ उठले आणि नाचायला लागले. मी खालच्या कोनावर बोट ठेवलं. वायर नाही, चुंबक नाही, आणि तो जिवंत माणसाच्या पोटासारखा वरखाली होत होता.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, याचाच राग आला. बंदरात दोन होड्या शेजारी बांधलेल्या असतात. एकीवर माणूस उडी मारतो आणि दुसरी डोलायला लागते. मध्ये दोरी नसते, फळी नसते, नुसतं पानी असतं. इथे पान्याच्या जागी हवा. पुढचा कोन हवेला ढकलतो, हवा मागच्याला ढकलते. आणि लोखंडाचा गोळा कशाला? रिकामी होडी भराभर डोलते, मासळीने भरलेली सावकाश. सावकाश डोलायचं तर वजन पाहिजे. खालचा आवाज म्हणजे सावकाश डोलणं, दुसरं काय. सगळा जन्म मी हे बघितलं, आणि माझ्या हातात तीच गोष्ट आली तेव्हा मी तिला स्क्रू मारला. थू.

बाकीचं जावयांनी सांगितलं आणि या वेळी मी ऐकलं. डबा लहान, म्हणून आतली हवा कडक. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरून दांडा दाबा म्हणजे कळेल. तिला हलवायला पुढचा कोनही जड करतात आणि लांब पळवतात. माझा अठरा इंची कागद बोटाच्या पेराएवढा हलला की खोली भरते. ह्याचा वाटीएवढा कोन दुप्पट-तिप्पट लांब पळतो, तेव्हा कुठे तेवढी हवा हलते. होडीतलं पानी बादलीने काढा नाहीतर करवंटीने काढा; करवंटी घेतली तर हात तुटेपर्यंत उपसायचं. साठ वॅट त्यातच जातात. आणि वर आत एक चिप, जी खालच्या सुरांना मुद्दाम उचलून धरते.

करवंटी म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात उजेड पडला. "आता आवाज वाढवा," मी म्हणालो. "दोन्हींचा. पूर्ण."

अर्ध्यापर्यंत डबा टिकला. पुढे बटण फिरत राहिलं आणि तांदूळ होते तेवढेच नाचत राहिले. गाण्यातला ढोल लावला तर त्याचा खालचा घुमारा गायब, नुसतं टपटप. जावई खरं बोलले, म्हणाले, कोन जास्त पळून फाटू नये म्हणून चिपच खालचा आवाज कापते. मग मी माझी पेटी सोडली. फडताळातली भांडी वाजली. भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यासकट पडलं. ताटलीतले तांदूळ बायकोच्या पदरात गेले. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "हलद कोनाची हाय गं?"

मी पेटी बंद केली. बरं वाटलं. खूप बरं वाटलं. म्हटलं, "बघितलं? हिच्याएवढा आवाज त्या डब्याच्या बापाला जमनार नाय."

मुलगी आईच्या पदरातले तांदूळ वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "जोरात असं तू म्हटलं नव्हतंस, बाबा."

"म्हंजे?"

"तू म्हटलंस, खालचा आवाज काढून दाखवावा. त्याने काढला. तुझ्या पेटीपेक्षा खालचा काढला. किती जोरात, ते तू बोलला नव्हतास." आणि मग, माझ्याच हातवारे करायच्या पद्धतीने, "किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत. किती दिवसांत, ते विचारायचं नाय."

जावई जोरात हसले असते तर मी भांडलो असतो. ते हसले नाहीत. ते वायर गुंडाळत बसले, खाली बघत. बायको पेटीकडे बघत होती, मापाने, खाट कुठून कुठे येईल ते.

खोक्यावर आकडा छापणाऱ्या त्या माणसाची मला किळस येते, अजूनही येते. दोन हजार लिहितो, वीस लिहितो, आणि कशाच्या हिशोबाने, ते गिळून टाकतो. पण त्या दुपारी मी पण तेच केलं होतं. मोठा आकडा बोललो होतो आणि अट गिळली होती. फरक एवढाच, की तो माणूस आपल्या घरी बसला असेल आणि मला माझ्या घरात, बायकोसमोर उभं राहायचं होतं.

सोमवारी सकाळी मी छिन्नी आणि लाकडी हातोडा घेऊन बसलो. भंगारवाल्याला बोलवू का, असं मुलीने फोनवर विचारलं, तिला मी चार शब्द ऐकवले. माझ्या हातानं मोडीन म्हटलं होतं. खिळे असते तर तासाभरात काम झालं असतं. खुंट्या एकेक करून ठोकून काढाव्या लागल्या, सांध्यातला कापूस दोऱ्यासारखा ओढून काढावा लागला. दुपार उलटली. बाजूची फळी सुटली तेव्हा आतल्या अंगाने माशाच्या तेलाचा वास आला, होडीला लावलेल्या तेलाचा, इतक्या वर्षांनी. मी थोडा वेळ फळी नाकाशी धरून बसलो. मग दुसरी सोडवली.

बुधवारी खाट आली. तासाभराने बायको आली. काठी टेकत आत शिरली, खाटेवर बसली, गादी हाताने दाबून बघितली आणि पाय वर घेऊन आडवी झाली. काळा डबा टीव्हीखाली. त्याच्या खोक्यावरचे दोन हजार मी सुताराच्या पेन्सिलीने खोडून साठ लिहिलंय. संध्याकाळच्या मालिकेत ढग गडगडले तर खोलीत बऱ्यापैकी गडगडतात. बऱ्यापैकी. त्याहून जास्त मी म्हणणार नाही.

पडल्या पडल्या तिने काठी खाटेखाली घातली. काठी कशाला तरी ठक्‌ करून लागली. मग आणखी कशाला तरी लागली आणि धुम्म असा आवाज आला.

"खाली काय हाय?"

"फळ्या."

"त्याच?"

"मोडीन म्हटलं होतं. टाकीन म्हटलं नव्हतं."

तिने काठी पुन्हा फिरवली. धुम्म. "आनि ह्यो?"

"कोन."

"कोन?"

"अठरा इंची."

तिने काठी बाहेर ओढली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पन त्याला सांगून ठेवा, माज्या खाटंखाली गप पडून ऱ्हायचं."